आमच्या घरचा रूट

कॉम्प्युटर घरात आला तेव्हा तो कुठे ठेवायचा यावर आमच्याकडे जेवढी चर्चा झाली, तेवढी दादाच्या मुंजीच्या वेळीही झाली नव्हती. हिंदी मुलखातल्या महाराजपूरचं आमचं घर तीन खोल्यांचं. आई म्हणायची, बैठकीत ठेवला तर येणारा-जाणारा हात लावेल. बाबा म्हणायचे, आतल्या खोलीत ठेवला तर पोरं दार लावून बसतील. शेवटी बैठक आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या बोळवजा जागेतलं शिलाई मशीन माळ्यावर गेलं आणि त्या जागी टेबल लागलं. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं त्या कॉम्प्युटरला हिंगाचा वास येत असे. आई फोडणी देताना एका हातानं कढईवर झाकण ठेवायची आणि दुसऱ्या हातानं मॉनिटरवर तिनंच विणलेलं क्रोशाचं कव्हर ओढायची, मग त्या वेळी तिथे कोणी काही वाचत बसलेलं का असेना.

तो कॉम्प्युटर दादानं जोडला होता. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तेव्हा तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, आणि घरातली कुठलीही वस्तू उघडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्यानं त्यात लिनक्स घातलं. सगळ्यांकडे असतं ते विंडोज का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाला, "ते तर कोणीही चालवतं." या एका वाक्यावर आमच्या घराचं भवितव्य ठरलं. लिनक्समध्ये रूट नावाचा एक वापरणारा असतो. तो त्या यंत्राचा मालक. बाकीच्यांना काही गोष्टींना मज्जाव असतो, रूटला कशालाच नाही. तो काय वाटेल ते उघडू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो, आणि पुसताना यंत्र त्याला "नक्की ना?" असंही विचारत नाही. मालकाला कोण विचारणार! दादानं रूटचा पासवर्ड ठेवला 'matarbhat', कारण त्या दिवशी जेवायला मटारभात होता. आणि मग सगळ्यांची वेगवेगळी खाती उघडायचा कंटाळा आला म्हणून त्यानं तो पासवर्ड सगळ्यांना सांगून टाकला. झालं. मी रूट, दादा रूट, आत्या रूट. आईनं एकदाच पत्ते खेळायला कॉम्प्युटर लावला, तेव्हा तीही रूट. फक्त बाबा रूट नव्हते, कारण ते त्या टेबलाच्या वाऱ्याला उभे राहत नसत.

आत्या बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. एका सरकारी कचेरीत स्टेनो होती, निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहायला आली. येताना तिनं दोन पेट्या, एक लोणच्याची बरणी आणि दहा बोटांची विद्या आणली. टायपिंगचा तिचा वेग असा, की दादाचे मित्र ते बघायला घरी येत. की-बोर्डकडे न पाहता, पाठ ताठ, नजर समोर. बाहेर खमरियाकडून, बाबांच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतल्या चाचणीचे बार ऐकू यायचे, खिडकीची तावदानं थरथरायची, पण आत्याची टकटक एका लयीत चाललेली असे. तीस वर्षं साहेब लोकांची वाक्यं टाइप केली, आता स्वतःची करीन, असं तिनं जाहीर केलं आणि ती एक रहस्यकादंबरी लिहायला बसली.

कागदावर नाही, थेट कॉम्प्युटरवर. त्या काळी आमच्या लिनक्सवर देवनागरी उमटवणं दादालाही जमलं नव्हतं. पण आत्याची बोटं इंग्रजी टाइपरायटरवर घडलेली, त्यामुळे तिनं मराठी कादंबरी इंग्रजी अक्षरांत लिहायला घेतली. नदीकाठी ग्वारीघाटावर एक होमिओपॅथीचा डॉक्टर मरून पडलेला सापडतो आणि दमयंतीबाई नावाची पोस्टमास्तरची बायको खुनी शोधून काढते, अशी ती गोष्ट. रोज संध्याकाळी सहाच्या चहाला, दिवसभरात लिहिलेलं दादा मोठ्यानं वाचून दाखवायचा. आत्याला स्वतः वाचायला लाज वाटे. इंग्रजी अक्षरांमुळे घोटाळे व्हायचे. "टेबलावरची सुरी पाहून माला धक्का बसला," असं दादा एकदा वाचून गेला, आणि ही माला कोण, ती कधी आली, यावर आम्ही दोन दिवस तर्क करत बसलो. ते 'मला' होतं हे आत्यानं हसून हसून डोळे पुसत सांगितलं, तोवर आईनं मालावर संशयही घेतला होता. बाबा त्या वेळी बैठकीत, सकाळीच वाचून झालेला पेपर पुन्हा उघडून बसलेले असत. "अहो, या न ऐकायला," आई म्हणायची. "चलो, चालू द्या तुमचं," ते म्हणायचे. "मला फुरसत नाही खून-बिन ऐकायची."

माझी मुलगी आज हे वाचेल तेव्हा विचारेल, की पूरा नॉवेल एक ही फाइल में, और कोई बॅकअप नहीं? तिला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर हिंदीतच देते. तर हो, बाई, एकाच फाइलमध्ये. फाइलचं नाव 'khoon'. बारा प्रकरणं झाली होती. आमच्याकडे प्रिंटर नव्हता. आणि ज्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे, त्या दिवशी दुपारपर्यंत, हे सगळं नाहीसं होऊ शकतं असं आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मटारचे दिवस होते. आमच्याकडे त्या दिवसांत मटार किलोनं येत नाही, पोत्यानं येतो. दारात हिरव्या शेंगांचा ढीग असतो आणि घरातलं कोणीही रिकाम्या हातानं बसलेलं दिसलं की त्याच्यापुढे परात सरकवली जाते. त्या दुपारी आई अधारतालला बाजारात गेली होती, दादा कॉलेजात, बाबा फॅक्टरीत. आत्या जेवून आडवी झाली होती. मैत्रिणीनं मला गाण्यांची एक सीडी एका दिवसाच्या बोलीवर दिली होती आणि मला ती गाणी कॉम्प्युटरवर उतरवायची होती. पण डिस्कवर जागा नव्हती. आधी उतरवलेली जुनी गाणी पुसून टाकावीत म्हणून मी बसले. त्या सगळ्या फाइलींची नावं 'gane' नं सुरू होणारी. 'gane' लिहून त्याला चिकटून एक तारा काढला, म्हणजे '*' ही खूण, की त्या नावानं सुरू होणारं सगळं पुसलं जातं. नुसता तारा काढला, तर जे काही आहे ते सगळं. मी 'gane' लिहिलं, आणि घाईत बोटानं मध्ये एक मोकळी जागा सोडली, आणि मग तारा.

दुसरा कोणी असता तर यंत्रानं निदान आत्याच्या फाइलीशी तरी अडवलं असतं, की ही तुझी नाही. पण मी रूट होते. सगळंच माझं होतं. एका क्षणात काम झालं आणि पडद्यावर पुन्हा नवी ओळ आली, काही झालंच नाही अशी. मी यादी पाहिली. यादी रिकामी होती. पुन्हा पाहिली. जिना उतरताना अंधारात एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा तसं झालं. आतल्या खोलीतून आत्याच्या घोरण्याचा बारीक आवाज येत होता.

इथवर जे झालं त्याला चूक म्हणता येईल. पुढे मी जे केलं त्याला चूक म्हणता येणार नाही, म्हणून ते लिहिताना आजही हात जड होतो. त्या यंत्रात आपण लिहिलेल्या आज्ञांची एक यादी राहते. तिला हिस्ट्री म्हणतात. वरच्या बाणाची कळ दाबत गेलं की मागचं सगळं एकेक करून समोर येतं. मी ती हिस्ट्री पुसून टाकली. पाच मिनिटं विचार करून. मग मॉनिटरवर क्रोशाचं कव्हर नीट घातलं, परात घेतली आणि ओट्यावर जाऊन मटार सोलत बसले. आई बाजारातून आली तेव्हा म्हणाली, "अरे वा, न सांगता सोलून राहिली आज?"

चार वाजता आत्या उठली, चहा घेऊन कॉम्प्युटरवर बसली. मी पाठमोरीच होते, पण माझे कान तिच्या बोटांवर होते. टकटक झाली. थांबली. पुन्हा झाली. मग बराच वेळ काहीच नाही. "शुभे, जरा येतेस का गं? मी नाव चुकीचं लिहून राहिली वाटतं." मी गेले. नाव बरोबर होतं. फाइल नव्हती. मी म्हटलं, "दादा आल्यावर बघेल." माझा आवाज मला कोणा दुसऱ्याचाच वाटला.

त्या दिवशी दादा उशिरा, सातला आला. तासभर खाटखूट करून त्यानं खुर्ची मागे सरकवली. "गेलं," तो म्हणाला. "एकूणएक गेलं. माझे प्रोजेक्टचे प्रोग्रॅमही गेले." मग आत्याकडे वळून, जरा चाचरत, "आत्या, तू काही पुसायला गेली होतीस का?"

आत्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. तिच्या त्या तयार बोटांकडे ती अशी पाहत होती, की जणू ती दुसऱ्याची आहेत. "असेल," ती म्हणाली. "मीच काहीतरी दाबलं असेल. तुझेही घालवले न मी?"

आणि बैठकीतून बाबा म्हणाले, "सांगून राहिलो होतो मी, ताई. या वयात काहून हा उद्योग?"

ते रागानं म्हणाले नव्हते. पण आत्या उठली. तिनं यंत्र बंद केलं, कव्हर घातलं आणि स्वयंपाकघरात जाऊन कोणी न सांगता खिचडी टाकली. जेवताना आई म्हणाली, पुन्हा लिहा न ताई, आम्हाला आठवतं सगळं. आत्या म्हणाली, "नको गं. झालं तेवढं पुष्कळ झालं." मी खिचडी नुसती चिवडत होते. तूप वाढू का म्हणून आत्यानंच मला विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पुन्हा बसला. काय घडलं ते निदान कळावं म्हणून त्यानं हिस्ट्री उघडली. आत्या शेजारी स्टुलावर तांदूळ निवडत होती. मी दारात केस विंचरत होते.

"अरे, हिस्ट्रीच रिकामी आहे," दादा म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे कोणी काय लिहिलं त्याची यादी असते. ती कोरी आहे. तशीही असून काय उपयोग होता म्हणा. आपण सगळेच रूट. यादीत रूटनं पुसलं एवढंच दिसलं असतं. कोणता रूट ते कुठे कळणार?"

आत्यानं तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "ही यादी आपोआप पुसली जाते का रे?"

"नाही. मुद्दाम पुसावी लागते."

"अच्छा," आत्या म्हणाली. "मला तर अशी यादी असते हेच माहीत नव्हतं." आणि चष्मा काढून तिनं पदरानं पुसला, पुन्हा घातला, आणि तांदूळ निवडू लागली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. दिवसभर पाहिलं नाही. मात्र संध्याकाळी ती गुणगुणत होती, हे माझ्या लक्षात आलं, आणि त्याचा अर्थ न कळून मी आणखीच घाबरले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीवर गेले. आत्या उन्हाकडे पाठ करून मटार सोलत बसली होती. मी परातीच्या दुसऱ्या बाजूला बसले. चार-पाच शेंगा सोलल्या, आणि मग दाण्यांकडे बघतच म्हटलं, "आत्या, तुझी फाइल मी पुसली."

"हं," ती म्हणाली.

"चुकून झालं. गाणी पुसायला गेले होते. पण मग हिस्ट्री मी मुद्दाम पुसली. ते चुकून नाही झालं."

"ते तर कळलंच मला काल." तिनं एक शेंग अंगठ्यानं फोडली. "दादानं पुसली असती तर स्वतःच कशाला सांगितलं असतं त्यानं? आईला पत्त्यांपलीकडे काही येत नाही. मग राहिलं कोण?"

मी रडायला लागले. ती रडू देत होती. जरा वेळानं मी विचारलं, "मग बोलली काहून नाहीस?"

"तू बोलशील का ते बघून राहिली होती," आत्या म्हणाली. "एक दिवस गं, नुसता पहिला दिवस वाईट गेला माझा. वाटलं, बोटं गेली आपली. म्हातारे झालो. काल कळलं की बोटं ठीक आहेत, तेव्हाच मी निम्मी बरी झाले." मग हसून म्हणाली, "दमयंतीबाईला एवढी सोपी केस दिली तर लोक पुस्तक फेकून देतील." पण लगेच गंभीर झाली. "खाली सगळ्यांना सांगायचं मात्र तूच. मी नाही सांगणार."

मी जेवणाच्या वेळी सांगितलं. दादा भडकला, प्रोजेक्ट का नाही ते सांगायला मी त्याच्याबरोबर कॉलेजात यावं असं म्हणाला. आई म्हणाली, "पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर?" बाबा पोळीचा तुकडा परत ताटात ठेवून आत्याला म्हणाले, "ताई, मी उगीच बोललो त्या दिवशी." आमच्या घरात बाबांनी कोणाची माफी मागितलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली, आणि ती माझ्यामुळे त्यांना मागावी लागली होती.

रविवारी सकाळी पोहे आणि जिलबी समोर ठेवून आमच्याकडे बैठक बसली. विषय एकच : यापुढे रूट कोणी व्हायचं आणि कसं. दादानं बोटांवर मोजून दाखवलं. आत्ताप्रमाणे सगळ्यांनी रूट म्हणूनच बसायचं, हे तर बादच. सगळ्यांची आपापली खाती उघडायची, आणि गरज पडेल तेव्हा 'su' अशी आज्ञा देऊन, रूटचा पासवर्ड टाकून तेवढ्यापुरतं रूट व्हायचं, हा एक मार्ग. "सरळ आहे," दादा म्हणाला. "पासवर्ड बदलतो, आणि तो फक्त मला माहीत असेल."

"आणि तू कॉलेजात असलास तर?" आई म्हणाली. "मला यंत्र बंद करायचं असलं तर तुझी वाट पाहू?"

"मग पासवर्ड तुलाही सांगतो."

"मग मलाही," आत्या म्हणाली.

"म्हणजे पुन्हा मटारभात," बाबा पेपरामागून म्हणाले. सगळे हसले. "लिफाफ्यात बंद करून माझ्या कपाटात ठेवा," असंही त्यांनी सुचवलं. फॅक्टरीत तसंच करत असावेत.

मी दोन दिवस दादाची पुस्तकं वाचून काढली होती. एरवी त्या बैठकीत तोंड उघडायचा हक्क मला नव्हता, पण उघडलं. म्हटलं, तिसरीही एक रीत आहे. 'sudo'. यात रूटचा पासवर्ड कोणाला द्यावाच लागत नाही. ज्यानं-त्यानं स्वतःचाच पासवर्ड टाकायचा. कोणाला कोणतं काम करायची मुभा आहे ते एका फाइलीत आधीच लिहून ठेवायचं. आईला यंत्र बंद करण्यापुरती, आत्याला फ्लॉपी लावून प्रत काढण्यापुरती. आणि कोणी ती मुभा वापरली की त्याचं नाव, वेळ आणि त्यानं काय केलं, हे लिहिलं जातं.

"su मध्येही कोण रूट झालं ते लिहिलं जातं," दादा म्हणाला.

"कोण झालं ते. झाल्यावर काय केलं ते नाही. मी त्या दिवशी su करून बसले असते, तरी पुढचं कोणाला कळलं नसतं," मी म्हटलं. मग जरा थांबून, "माझं नाव लिहिलं गेलेलं मला हवं आहे."

जिलबीवर माशी बसली ती आईनं हाकलली. मग आत्या म्हणाली, "चलो, ठरलं. आणि ही सगळी व्यवस्था शुभाच बघेल."

"हिच्या हातात?" दादा जवळजवळ ओरडलाच.

"हिच्याच. काय होतं ते हिला माहीत आहे. तुला अजून माहीत नाही."

मी आयुष्यात पुढे पुष्कळ यंत्रं सांभाळली, मोठमोठ्या कंपन्यांची. आता नवी मुलं प्रत्येक आज्ञेच्या आधी सवयीनं sudo लावतात, नमस्कार म्हटल्यासारखं, आणि मी ओरडते. पण नेमणूक म्हणाल तर माझी पहिली आणि सगळ्यांत मोठी ती. ती फाइल लिहायला मला अख्खी दुपार लागली. ती ज्या प्रोग्रॅममध्ये लिहायची त्यातून बाहेर कसं पडायचं हेच मला येत नव्हतं; दोनदा यंत्र बंद करून सुटका करून घेतली. प्रत्येकाचं खातं उघडलं. प्रत्येकाची फाइली ठेवायची खोली वेगळी, आणि तिला कुलूप. बाबांचंही खातं उघडलं. "मला काय करायचं आहे?" ते म्हणाले. तरी पासवर्ड ठेवताना त्यांनी मला पाठ करून उभं राहायला लावलं. मुभांच्या यादीत मात्र त्यांचं नाव घातलं नाही, कारण त्यांना काही करायचंच नव्हतं.

आणि आत्या पुन्हा लिहायला बसली. गेलेली बारा प्रकरणं आम्ही सगळ्यांनी मिळून आठवली. आईला कोणत्या प्रसंगी कोणी काय नेसलं होतं आणि काय शिजलं होतं ते तोंडपाठ. दादाला सिहोऱ्याच्या बसचा पाठलाग वळणन् वळण आठवत होता. मला माणसांची बोलणी आठवायची. भांडणं व्हायची, आणि आत्या सगळं ऐकून भलतंच काहीतरी लिहायची. "त्यापेक्षा हे चांगलं सुचलं," म्हणायची. रोज काम झालं की फ्लॉपीवर प्रत काढायची, आणि त्यासाठी sudo करताना पासवर्ड टाकायच्या आधी पदर सावरायची. होळीच्या सुमारास चौदा प्रकरणं झाली. पंधरावं शेवटचं. ते मात्र तिनं कोणाला वाचायला दिलं नाही. फाइल स्वतःच्या खोलीत, कुलपात. रामनवमीला सगळ्यांना एकदम वाचून दाखवीन, म्हणाली, आणि या वेळी स्वतः वाचीन. खुनी कोण, यावर आईनं आणि दादानं पैज लावली.

व्यवस्थापक म्हणून मी दर रविवारी रूटचं टपाल बघायची. यंत्र रूटला पत्रं पाठवतं; बहुतेक वेळा काही नसतं. त्या रविवारी पाच पत्रं होती. ज्याला मुभा नाही अशा कोणी sudo करून पाहिलं, की यंत्र त्याला सांगतं, तुझं नाव यादीत नाही, या प्रकाराची खबर दिली जाईल. आणि खबर रूटला येते. पाचही पत्रांत एकच नाव होतं : baba. वेळ रोज पहाटे पाचच्या पुढची, पहिल्या पाळीला निघायच्या आधीची. आणि आज्ञा पाचही वेळा तीच : आत्याच्या खोलीतलं पंधरावं प्रकरण उघड. मॉनिटरच्या कडेला दादानं आईसाठी आज्ञांची एक चिठ्ठी चिकटवली होती. बाबांनी ती कधी वाचून काढली कोण जाणे.

मी ती पत्रं पुसून टाकू शकत होते. बाबांची लाज राखली असं म्हणता आलं असतं. पण पुसण्याची मला तेव्हा धास्ती बसली होती. मी आत्याला बोलावलं आणि पडदा दाखवला.

तिनं पहिलं पत्र वाचलं. दुसरं वाचलं. "वसंता?" ती बाबांचं नाव घेऊन म्हणाली. "पहाटे पाचला?"

"पाच दिवस. आणि खबर दिली जाईल अशी धमकी मिळूनही."

आत्या हसायला लागली. पदर तोंडात कोंबून, आवाज बैठकीत जाऊ नये म्हणून भिंतीला टेकून हसली. मग डोळे पुसत स्टुलावर बसली आणि उरलेली तीन पत्रंही वाचली. "शाळेत माझ्या निबंधाला बक्षीस मिळालं होतं," ती म्हणाली. "यानं वही उघडून पाहिली नव्हती." मग उठली. "उघडून दे त्याला."

"सगळी खोली?"

"ते एकच प्रकरण. आणि वाचण्यापुरतं. एक अक्षर बदलता येता कामा नये. मास्तरकी करायची सवय आहे त्याला."

मी तेवढंच केलं. फक्त त्यांना, फक्त वाचता येईल असं. त्यांना काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे खुर्ची सरकल्याच्या आवाजानं मला जाग आली. दाराच्या फटीतून पाहिलं. बाबा गणवेश घालून, बूट हातात घेऊन, मोज्यांवर टेबलाशी आले होते. एका बोटानं अक्षर शोधत त्यांनी आज्ञा लिहिली आणि पाठ जरा मागे घेतली, धमकीच्या तयारीनं. धमकी आली नाही. पडदा अक्षरांनी भरला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बूट हळूच खाली ठेवले आणि पुढे वाकून, ओठ हलवत, ते इंग्रजी अक्षरांतलं मराठी वाचायला सुरुवात केली. माझ्यामागे आई येऊन उभी राहिली होती, तिच्यामागे आत्या. कोपऱ्यावर फॅक्टरीची बस आली, दोनदा हॉर्न वाजला, आणि बस निघून गेली.

"अहो, बस गेली," न राहवून आई म्हणाली.

बाबा दचकले नाहीत. मागे वळून पाहिलंही नाही. एक बोट पडद्यावरच्या ओळीवर ठेवून ते म्हणाले, "जाऊ दे. स्कूटरनं जातो." आणि मग, "ताई, हा डॉक्टरचा कंपाउंडर दार आतून लावून बाहेर कसा पडला?"

"पुढे वाच," आत्या म्हणाली. ती चहा टाकायला आत गेली, आणि मी तिला कपाटातून चांगले कप काढताना पाहिलं.